आयमॅप सर्व्हरवर एक मेल पुसला की दुसराच नाहीसा होतो: संदेशक्रमांकांतला घोळ कसा शोधावा

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. आपण पायथनमध्ये स्वतःचा आयमॅप सर्व्हर, म्हणजे मेल स्वतःकडे ठेवून वाचायला देणारा सर्व्हर, लिहिला आहे आणि मेल एसक्यूलाइट या लहानशा डेटाबेसच्या एका टेबलात साठवले आहेत. नुसते वाचत राहिले तर सगळे व्यवस्थित चालते. मात्र मधले दोन-तीन मेल पुसले की थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्रामच्या (म्हणजे क्लायंटच्या) यादीतून भलतेच मेल नाहीसे होतात, पुसलेले तसेच दिसत राहतात, कधी विषय एका मेलचा आणि मजकूर दुसऱ्याचा येतो, तर कधी नवा आलेला मेल दिसतच नाही. खाते काढून पुन्हा जोडले की सारे जागेवर येते. लॉगमध्ये एकही त्रुटी नाही, आणि अनुक्रमांकातून एक वजा करण्याची जागा बदलून पाहिली तरी घोळ फक्त इकडून तिकडे सरकतो.

शेवटचे निरीक्षण सर्वांत बोलके आहे. एक वजा करण्याची जागा बदलल्याने दोष मिटत नाही, नुसता सरकतो, याचा अर्थ हा वजाबाकीचा प्रश्न नाही. पायथनची यादी शून्यापासून मोजते आणि आयमॅप एकपासून, एवढाच फरक असता तर पहिलाच मेल चुकीचा उघडला असता आणि दोष रोज, सर्वांना, सारखाच दिसला असता. आपला दोष पुसल्यानंतरच उद्भवतो. म्हणून ‘क्रमांक किती’ यापेक्षा ‘तो कधी बदलला आणि क्लायंटला ते कधी कळले’ हे तपासायला हवे.

नेमके निदान काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या आपल्या प्रश्नात आलेल्या नाहीत. एकाच खात्याला एका वेळी एकच क्लायंट जोडलेला असतो की फोन आणि लॅपटॉप दोन्ही? टेबलातला नोंदक्रमांकच आपण यूआयडी (मेलचा न बदलणारा क्रमांक) म्हणून देता का? तोच सर्व्हर पॉप३ (मेल उतरवून घेण्याची दुसरी पद्धत) सुद्धा बोलतो का? उत्तरांनुसार दोषाची जागा बदलेल, त्यामुळे खाली सगळ्याच शक्यता घेतो. आज्ञा आणि प्रतिसाद येथे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष जोडणीवर ते अर्थातच रोमन लिपीत जातात.

आयमॅपमध्ये प्रत्येक संदेशाला दोन क्रमांक असतात. रेल्वेचे प्रतीक्षायादीतले तिकीट डोळ्यांसमोर आणावे: पीएनआर एकदा मिळाला की बदलत नाही, पण प्रतीक्षायादीतला क्रमांक पुढच्या कुणी तिकीट रद्द केले की खाली येतो. यूआयडी हा पीएनआरसारखा असतो आणि अनुक्रमांक प्रतीक्षायादीतल्या जागेसारखा. जुन्या आयमॅप२मध्ये केवळ अनुक्रमांकच होते. १९९४च्या आरएफसी १७३० या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने, म्हणजे आयमॅप४ने, यूआयडी आणला, पण अनुक्रमांक काढून टाकला नाही. २००३च्या आरएफसी ३५०१मध्ये आणि २०२१च्या आरएफसी ९०५१मध्येही दोन्ही कायम आहेत, त्यामुळे सर्व्हर लिहिणाऱ्याला दोन्ही सांभाळावे लागतात.

आता कळीचा मुद्दा. अनुक्रमांक हा संदेशाचा गुणधर्म नाही आणि मेलबॉक्सचाही नाही. तो एका विशिष्ट सेशनचा, म्हणजे क्लायंटच्या एका जोडणीचा, असतो. सर्व्हरने त्या सेशनला आजवर जे जे सांगितले, त्यावरून क्लायंटने मनाशी जी यादी बांधली, तिच्यातले ते स्थान आहे. दुसऱ्या सेशनमधून मेल पुसला गेला तरी या सेशनला तसे कळवले जात नाही तोवर त्याच्यापुरते अनुक्रमांक जसेच्या तसे राहतात. आपला सर्व्हर प्रत्येक आज्ञेच्या वेळी टेबलावर नव्याने क्वेरी करून ‘सातवी नोंद’ शोधत असेल, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून तसेच असावे असे वाटते, तर तो क्लायंटला ठाऊक नसलेल्या यादीतून उत्तर देत आहे. डेटाबेसच्या दृष्टीने उत्तर बरोबर असते, म्हणून लॉगमध्ये त्रुटी येत नाही. संभाषणाच्या दृष्टीने मात्र ते चुकलेले असते.

उपाय असा की फोल्डर उघडणाऱ्या सिलेक्ट आज्ञेच्या वेळी त्या सेशनसाठी यूआयडींची एक चढती यादी स्मृतीत तयार करावी आणि त्यानंतर अनुक्रमांकाचा प्रत्येक अर्थ तिच्यातूनच लावावा. ही यादी बदलण्याचे अधिकार फक्त दोन फंक्शनना असावेत. एक शेवटी यूआयडी जोडते आणि त्याच वेळी एक्झिस्ट्स (आता एकूण इतके मेल आहेत) पाठवते. दुसरे मधला यूआयडी काढते आणि त्याच वेळी एक्सपंज (या अनुक्रमांकाचा मेल गेला) पाठवते. यादी बदलणे आणि ते कळवणे या दोन कृती कोडमध्ये वेगळ्या ठेवल्या की कधी ना कधी त्यांची ताटातूट होते. माझ्या कामात असे दोष मी मुख्यतः याच फटीत शोधतो. ही यादी तारखेनुसार लावण्याचा मोह टाळावा, कारण अनुक्रमांकांचा क्रम यूआयडीच्या चढत्या क्रमाशी जुळलाच पाहिजे. तारखेनुसार दाखवणे हे क्लायंटचे काम आहे.

एक्सपंज जवळून पाहू, कारण आपली पहिली दोन लक्षणे मला येथेच उलगडताना दिसतात. समजा मेलबॉक्समध्ये नऊ मेल आहेत आणि त्यांचे यूआयडी क्रमाने ११, १२, १५, १८, १९, २३, २४, ३०, ३१ आहेत. तिसरा, चौथा आणि सातवा, म्हणजे यूआयडी १५, १८ आणि २४ पुसायचे आहेत. प्रत्येक एक्सपंजनंतर पुढचे सर्व मेल लगेच एकेक जागा खाली सरकतात. म्हणून खालून वर, म्हणजे लहान अनुक्रमांकाकडून मोठ्याकडे, जाणाऱ्या सर्व्हरने असे पाठवायला हवे:

* ३ एक्सपंज
* ३ एक्सपंज
* ५ एक्सपंज

वरून खाली जायचे ठरवले तर ७, ४, ३ असे पाठवता येते. तेही तितकेच वैध आहे आणि लिहायला सोपे आहे. मात्र खालून वर जाताना मूळचेच ३, ४, ७ पाठवले तर काय होते ते पाहा. क्लायंट पहिल्या ओळीवर १५ काढतो, ते बरोबर आहे. आता त्याच्या यादीत चौथ्या जागी १९ आहे, म्हणून दुसऱ्या ओळीवर तो १८ऐवजी १९ काढतो. सातव्या जागी ३१ आलेला असतो, म्हणून तिसऱ्या ओळीवर ३१ जातो. शेवटी क्लायंटकडे ११, १२, १८, २३, २४, ३० उरतात आणि सर्व्हरकडे ११, १२, १९, २३, ३०, ३१.

दोन्हीकडे सहाच मेल आहेत. संख्या जुळते, पहिला, दुसरा आणि चौथा मेलही जुळतो, आणि त्यामुळेच हा दोष ‘कधी कधी’ येतो असे वाटते. प्रत्यक्षात दोन चांगले मेल यादीतून गेले आहेत आणि दोन पुसलेले उरले आहेत. उरलेल्यांपैकी २४ उघडला तर क्लायंट कसा मागतो यावर परिणाम ठरतो. अनुक्रमांकाने पाचवा मागितला तर ३०चा मजकूर येतो; यूआयडीने २४ मागितला तर सर्व्हर काहीही न देता ‘ओके’ म्हणतो, कारण यूआयडी फेचमध्ये, म्हणजे यूआयडीने मेल मागण्याच्या आज्ञेत, नसलेल्या यूआयडीकडे निमूट दुर्लक्ष करावे असाच नियम आहे. खाते पुन्हा जोडल्यावर सगळे ठीक होते याचे कारणही हेच आहे: सर्व्हरकडचा साठा शाबूत असतो, बिघडलेली असते ती फक्त क्लायंटची कल्पना.

थंडरबर्ड मजकूर मागताना बहुतांशी यूआयडी वापरतो. म्हणून विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा हे लक्षण वेगळे धरून तपासावे. त्याची एक शक्यता म्हणजे यूआयडी फेचच्या प्रतिसादात चुकीचा आकडा जाणे. आज्ञा यूआयडीने दिलेली असली तरी प्रतिसादात ताऱ्यानंतर येतो तो अनुक्रमांकच, आणि यूआयडी कंसातल्या माहितीत द्यायचा असतो, क्लायंटने स्वतंत्रपणे मागितलेला नसला तरीही. ‘* ५ फेच (यूआयडी ३० …)’ हे बरोबर. ‘* ३० फेच’ हे चूक. सर्च आणि यूआयडी सर्च यांत मात्र उलट काळजी घ्यावी लागते: पहिल्याचे उत्तर अनुक्रमांकांत आणि दुसऱ्याचे यूआयडींत द्यायचे असते, आणि आरएफसी ३५०१मध्ये दोन्ही प्रतिसादांचे रूप हुबेहूब सारखे असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी शक्यता मला अधिक दाट वाटते, कारण ती आपल्या साठवणुकीशी जोडलेली आहे. एसक्यूलाइटमध्ये ‘इंटिजर प्रायमरी की’ असलेल्या टेबलात नवी नोंद टाकताना सामान्यतः सध्याच्या सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवून क्रमांक दिला जातो. सर्वांत मोठ्या क्रमांकाची नोंदच पुसली गेली तर तोच क्रमांक पुढच्या नोंदीला पुन्हा मिळतो. ‘ऑटोइन्क्रिमेंट’ लावले तर असे होत नाही. आपण नोंदक्रमांकच यूआयडी म्हणून देत असाल तर हा क्रम घडतो: सर्वांत नवा मेल ३१ पुसला, नवा मेल आला आणि त्यालाही ३१ मिळाला. क्लायंटला ३१ आधीच ठाऊक आहे आणि कदाचित त्याचा मजकूरही त्याच्या साठ्यात आहे. तो ‘३२:*’ म्हणजे ३२पासून पुढचे मागतो. येथे तारा म्हणजे मेलबॉक्समधला सर्वांत मोठा यूआयडी, आणि पल्ल्याची दोन टोके कोणत्याही क्रमाने आली तरी अर्थ एकच असतो, म्हणून सर्व्हर नियमाप्रमाणे ३१ परत देतो. क्लायंट म्हणतो, हा तर माझ्याकडे आहे. नवा मेल दिसत नाही, किंवा दिसला तर जुन्या मजकुरासह दिसतो. आपली उरलेली दोन्ही लक्षणे या एका कारणातून निघू शकतात.

यूआयडी हा ३२ बिटांचा शून्येतर आकडा असतो, तो चढत्या क्रमानेच द्यायचा असतो आणि एकदा दिलेला पुन्हा कधीही द्यायचा नसतो. मध्ये खंड पडले तरी हरकत नाही. म्हणून प्रत्येक फोल्डरच्या नोंदीत ‘पुढचा यूआयडी’ हा स्वतंत्र स्तंभ ठेवावा आणि तो वाढवणे व मेल टाकणे या दोन्ही गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही अशा रीतीने, कराव्यात. ‘ऑटोइन्क्रिमेंट’ एवढ्याने काम भागत नाही, कारण मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताना आपण फक्त फोल्डरचा स्तंभ बदलत असाल तर मेल जुन्याच यूआयडीसह तिकडे जातो. तिकडे शेवटचा यूआयडी ८० असेल आणि हलवलेल्या मेलचा ४५, तर ८१पासून पुढचे विचारणाऱ्या क्लायंटला तो मेल सापडणारच नाही. हलवलेल्या आणि नकललेल्या प्रत्येक मेलला त्या फोल्डरचा नवा यूआयडी मिळायला हवा.

पुढे कधी पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर गेलात तर एक वेगळा सापळा आहे. तेथे सीक्वेन्समधून, म्हणजे क्रमांक देणाऱ्या मोजणीतून, क्रमांक लगेच मिळतो, पण इतरांना नोंद दिसते ती कमिट, म्हणजे पक्की, झाल्यावर. एका प्रक्रियेने ५०१ घेतला आणि ती मोठी जोडपत्रे लिहीत बसली. दुसरीने ५०२ घेऊन आधी कमिट केले. क्लायंटने ५०२ पाहिला आणि पुढच्या वेळी ५०३पासून विचारले. ५०१ त्याच्यासाठी हरवला. फोल्डरच्या नोंदीवर कुलूप लावून यूआयडी देणे थोडे संथ असते, पण या बाबतीत मी वेगापेक्षा तेच पसंत करतो.

आता दोन सेशनचा प्रश्न. लॅपटॉपवरून मेल पुसला आणि फोनचे सेशन उघडे आहे, तर फोनला एक्सपंज कळवावे लागते, पण मनाला येईल तेव्हा नाही. कोणतीही आज्ञा चालू नसताना एक्सपंज पाठवता येत नाही, आणि फेच, स्टोअर (खुणा लावणे) किंवा सर्च यांचे उत्तर देत असतानाही नाही. हा नियम अनेकांना विनाकारण कडक वाटतो, पण त्यामागचे कारण भक्कम आहे. क्लायंट एका आज्ञेच्या उत्तराची वाट न पाहता दुसरी पाठवू शकतो. आपण ‘* ३ एक्सपंज’ पाठवत असताना त्याची ‘७वा मेल दे’ ही आज्ञा वाटेत असू शकते. त्या सातचा अर्थ एक्सपंजच्या आधीचा की नंतरचा, हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो. म्हणून बदल प्रत्येक सेशनच्या ‘प्रलंबित’ यादीत साठवावेत आणि नूप (काहीही न करणारी आज्ञा), आयडल (बदलांची वाट पाहणारी आज्ञा) किंवा यूआयडीने सुरू होणाऱ्या आज्ञांच्या वेळी पाठवावेत. मधल्या काळात फोनने पुसलेला मेलच मागितला तर काय करावे याची चर्चा १९९७च्या आरएफसी २१८०मध्ये आहे. माझा कल असा की सर्व सेशनना कळेपर्यंत मजकूर टेबलातून काढूच नये; ‘पुसलेला’ अशी खूण करून ठेवावा आणि नंतर साफ करावा. जागा थोडी जास्त लागते, पण वापरणाऱ्याला अनाकलनीय त्रुटी दिसत नाही.

याच संदर्भात दोन लहान गोष्टी. मेल कमी झाले म्हणून लहान आकड्याचे एक्झिस्ट्स पाठवणे निषिद्ध आहे. संख्या फक्त एक्सपंजनेच कमी होते. आणि क्लोज आज्ञा पुसायच्या खुणेचे मेल गुपचूप काढते, त्या सेशनला एक्सपंज पाठवत नाही. पण ही गुप्तता त्या एका सेशनपुरतीच असते. इतर सेशनना कळवायचे राहून जाणे ही येथली नेहमीची चूक आहे.

सर्व्हर पॉप३ सुद्धा बोलत असेल तर पुसण्याचे फंक्शन दोघांसाठी सामाईक ठेवू नये. १९९६च्या आरएफसी १९३९नुसार पॉप३मध्ये डिलीटची आज्ञा फक्त खूण करते. दुसरा मेल पुसला तरी तिसरा तिसराच राहतो, यादीत १ नंतर थेट ३ दिसतो, आणि क्विट आल्यावरच मेल खरोखर जातो. जोडणी मध्येच तुटली तर काहीही पुसायचे नाही. आयमॅपचा आकडे सरकवणारा कोड येथे वापरला की पॉप३चा क्लायंट चुकीचे मेल पुसतो, आणि ते नुकसान भरून येत नाही.

शोध कसा घ्यावा याबद्दल. प्रथम थंडरबर्ड बाजूला ठेवावा, कारण त्याचा स्वतःचा साठा दोष झाकतो. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या साधनाने ९९३ पोर्टवर जोडून आज्ञा हाताने द्याव्यात. ओळीचा शेवट नीट जावा म्हणून ‘सीआरएलएफ’चा पर्याय लावावा. तसेच ‘क्वाएट’चा पर्यायही लावावा, कारण त्याशिवाय ओळीच्या सुरुवातीचे मोठे क्यू अक्षर एस_क्लायंट स्वतःसाठीच घेतो आणि जोडणी बंद करतो. वरचे नऊ मेलांचे उदाहरण तसेच्या तसे करून पाहावे: खुणा लावाव्यात, एक्सपंज द्यावे, आलेले आकडे कागदावर लिहून यादी हाताने कमी करावी, आणि मग ‘फेच १:* (यूआयडी)’ देऊन कागदाशी ताडून पाहावे.

त्यानंतर हेच काम यंत्राकडे द्यावे. मी अशा वेळी एक छोटा तपासनीस क्लायंट लिहितो. तो मजकूर मागत नाही. फक्त एक्झिस्ट्स आणि एक्सपंज ऐकून स्वतःची यादी सांभाळतो. दोन-तीन सेशन उघडायची, यादृच्छिक क्रमाने मेल टाकणे, पुसणे, हलवणे करायचे, आणि प्रत्येक नूपनंतर तपासनिसाची यादी व सर्व्हरची त्या सेशनची यादी जुळते का ते पाहायचे. यादृच्छिकतेचे बीज, म्हणजे ज्या आकड्यातून तो क्रम तयार होतो तो आकडा, लॉगमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे फुटलेला क्रम पुन्हा चालवता येतो आणि एकेक पायरी वगळत तो अगदी लहान करता येतो. लॉगच्या प्रत्येक ओळीत सेशनची ओळख, पाठवलेला अनुक्रमांक आणि त्याचा यूआयडी असे तिन्ही एकत्र असावेत. नुसता अनुक्रमांक लिहिलेला लॉग या कामी निरुपयोगी ठरतो. एखाद्या प्रसंगी नेमके बरोबर काय याबद्दल शंका आली तर तोच क्रम डोव्हकॉट या प्रचलित आयमॅप सर्व्हरवर चालवून उत्तरे शेजारी ठेवावीत. डोव्हकॉटच्याच निर्मात्यांचे इमॅपटेस्ट हे साधनही सर्व्हरवर यादृच्छिक आज्ञांचा मारा करून विसंगती दाखवते.

क्रम सुचवायचा तर आधी यूआयडीचा पुनर्वापर तपासा, कारण ती पाच मिनिटांची क्वेरी आहे. मग एक्सपंजचे आकडे. आणि या दोन्हींनंतरही घोळ उरला तर प्रत्येक सेशनची यादी वेगळी करण्याचे मोठे काम हाती घ्या. ते काम कधी तरी करावेच लागेल, पण आधीच्या दोन दुरुस्त्या केल्याशिवाय त्याचा परिणाम कळणार नाही.

दुरुस्ती झाल्यावरही लोकांच्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये जुने चुकीचे साठे राहतीलच. ते टाकून द्यायला लावण्यासाठी यूआयडीव्हॅलिडिटी हा आकडा आहे. तो प्रत्येक फोल्डरसाठी एकदाच वाढवावा, आधीपेक्षा मोठाच असावा, आणि टेबलात कायमचा साठवावा. सर्व्हर सुरू झाल्याची वेळ तेथे देऊ नये, नाही तर प्रत्येक रिस्टार्टनंतर सर्व क्लायंट सगळे मेल नव्याने उतरवतील. आताही एकदा तसेच होणार आहे, म्हणून हा बदल रात्री करा आणि वापरणाऱ्यांना आदल्या दिवशी कळवा; मोबाइल डेटावर चालणाऱ्यांना मोठ्या फोल्डरांचा भार जाणवेल.